थांबा तुमचा, गाडी आमची

जानेफळला महापौर नाही. अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात नाही, कारण जिल्ह्यात महानगरपालिकाच नाही. मग बसचा पैसा महापौराच्या हाती द्यावा की नाही, या शहरी भांडणात मेहकर तालुक्यातल्या गावानं कशाला नाक खुपसायचं?

कारण ज्यांना महापौर आहे, त्यांचीही गत आपल्यासारखीच आहे.

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. मुंबईत मार्च २०२२ पासून नगरसेवक नव्हते, महापौर नव्हता. जवळपास चार वर्षं. या काळात बस थांबली? नळ थांबले? एखादा मुंबईकर ‘आमचा महापौर कुठं आहे हो?’ म्हणत रस्त्यावर उतरला?

खुर्ची रिकामी आहे, हे फक्त खुर्चीला कळलं.

मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. कारभाराचे अधिकार आयुक्ताला. आयुक्त पाठवणार राज्य सरकार. महापौर सभा चालवतो, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देतो आणि अडीच वर्षांनी उतरतो. त्याला म्हणतात शहराचा प्रथम नागरिक. प्रथम असला तरी नागरिकच. अर्ज त्यालाही करावा लागतो.

मे २०२५ मध्ये मुंबईच्या बेस्ट बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं. जूनमध्ये पुण्याच्या पीएमपीनंही तेच केलं. दोन्ही शहरांत तेव्हा प्रशासक. भाडं दुप्पट झालं आणि एकाही नगरसेवकाला हात वर करावा लागला नाही. प्रवाशाला राग आला, तर मत कुणाच्या विरोधात द्यायचं?

प्रशासकाला निवडणूक चिन्ह नसतं.

त्याच वर्षीचा मुंबईचा अर्थसंकल्प बघा. ७४,४२७ कोटी. त्यातले बेस्टला १,००० कोटी. शंभरातला दीड रुपयासुद्धा नाही. हा अर्थसंकल्प आयुक्तांच्या प्रशासनानं मांडला आणि प्रशासक म्हणून आयुक्तांनीच मंजूर केला. इतकं एकमत नवरा-बायकोतसुद्धा होत नाही.

आता कुणी म्हणेल, घटनेनं शहरांना अधिकार दिलेत की. दिलेत ना! १९९२ ची ७४ वी दुरुस्ती. बारावी अनुसूची. १८ विषय. त्यातला सतरावा वाचा: रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ, बसथांबे. यादी वरून खाली वाचा, खालून वर वाचा. बसथांबा सापडेल, बस सापडणार नाही.

थांबा तुमचा, गाडी आमची.

खेड्यांचं काय? आपल्यासाठी ७३ वी दुरुस्ती, अकरावी अनुसूची, २९ विषय. तेरावा विषय आहे रस्ते, मोऱ्या, पूल, नावा, जलमार्ग आणि दळणवळणाची इतर साधनं. म्हणजे जानेफळच्या पंचायतीला एसटी मागायची तर हात जोडावे लागतात, पण नाव चालवायचा विषय घटनेच्या यादीत नावानिशी आहे.

आता पाणी तेवढं आणा.

सरकारचं लक्ष नाही असं मात्र म्हणू नका. २०१६ मध्ये ठरलं, नगराध्यक्ष थेट जनतेतून. २०१७ मध्ये ठरलं, सरपंचही थेट. २०१९ मध्ये नवं सरकार आलं, २०२० मध्ये दोन्ही रद्द. २०२२ मध्ये आणखी नवं सरकार आलं, दोन्ही परत. निवडायचं कसं, यावर इतकी मेहनत! निवडून आल्यावर त्यानं करायचं काय, यावर कुणाची एक बैठक तरी झाली का?

एकदा प्रयोग झाला होता बरं. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूरला महापौर परिषद आली. महापौराला मंत्रिमंडळासारखं मंडळ, हाती खरे अधिकार. १९९९ मध्ये प्रयोग गुंडाळला. रोपटं जगतं की नाही, हे बघायच्या आतच उपटून मुळं तपासली.

बाहेरच्या जगात काय चाललंय? न्यूयॉर्कमध्ये जोहरान ममदानी ‘बस वेगवान आणि फुकट’ म्हणत २०२५ ची महापौरपदाची निवडणूक जिंकले. पण तिथली बस चालवते एमटीए. ती राज्याची. तिचा अध्यक्ष ठरवतो गव्हर्नर. म्हणजे वचन महापौराचं आणि चावी गव्हर्नरकडे. वाचून फार बरं वाटलं.

अमेरिकाही विकसनशील आहे म्हणायची.

लंडननं २००० मध्ये पहिल्यांदा थेट महापौर निवडला, केन लिव्हिंगस्टन. बस आणि भाडं त्याच्या हाताखाली, पुढं भुयारी रेल्वेही. २००३ मध्ये त्यानं शहराच्या मध्यभागी मोटार आणणाऱ्यावर दिवसाला ५ पौंडांचा आकार लावला आणि तो पैसा वाहतुकीवरच खर्च करायचं बंधन होतं. मोटारवाले ओरडले. २००४ मध्ये तो पुन्हा निवडून आला. आपल्याकडे मोटारवाल्याला ओरडावं लागत नाही. त्याआधीच त्याला उड्डाणपूल मिळतो.

तिथलेही महापौर संत नाहीत. सादिक खान यांनी २०१६ पासून भाडं गोठवून ठेवलं. २०२० मध्ये कोरोना आला, गल्ला रिकामा झाला आणि केंद्र सरकारपुढं हात पसरावे लागले. सरकारनं पैसे दिले, सोबत अटींची यादीही दिली. मतांसाठी भाडं गोठवलं की कधीतरी तिजोरीही गोठते.

पण लंडनकराची एक सोय आहे. शिव्या कुणाला घालायच्या, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

मँचेस्टरची गोष्ट तर आपल्या ओळखीची. १९८६ मध्ये लंडनबाहेरच्या बस खासगी कंपन्यांच्या मर्जीवर सोडल्या. पैसा देणारा मार्ग दिसला की सगळ्यांची झुंबड, तोट्याच्या मार्गावर शुकशुकाट. महापौर अँडी बर्नहॅम यांनी २०२३ पासून मार्ग आणि भाडं हाती घ्यायला सुरुवात केली, जानेवारी २०२५ मध्ये काम पुरं केलं. बसला रंग दिला पिवळा.

पिवळा रंग आपल्याकडेही आहे. अर्धा. उरलेला काळा.

काळीपिवळीची चेष्टा नको, अर्ध्या विदर्भाची सार्वजनिक वाहतूक तीच आहे. तिला अनुदान नाही, अध्यक्ष नाही, वर्धापनदिन नाही. तरी ती येते. एसटीकडे हे तिन्ही आहे. १ जून १९४८ ला पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली, म्हणून दर १ जूनला केक कापतात. केक वेळेवर येतो.

फेरी का बंद झाली, हे एकदा स्टँडवर विचारून बघा.

“भाऊ, गाडी काऊन बंद केली?”

“भारमान कमी हाये.”

भारमान म्हणजे गाडीत किती सीट भरल्या त्याचा हिशोब. गाडीचा भरवसा नाही म्हणून माणूस काळीपिवळीत बसतो. माणूस काळीपिवळीत बसला म्हणून भारमान घटतं. भारमान घटलं म्हणून गाडी बंद. हिशोबात चूक काढून दाखवा. निघणार नाही.

“मंग कोणाले भेटाव?”

“वरून आदेश हाये.”

वर म्हणजे कुठं? आगार म्हणतं विभाग, विभाग म्हणतो मुंबई. मुंबईत महामंडळ, त्याच्यावर मंत्रालय. महामंडळाचं अध्यक्षपद कधी मंत्र्याकडे, कधी सनदी अधिकाऱ्याकडे, कधी मंत्रिपदाची वाट बघून थकलेल्या आमदाराकडे. आपल्या गावाची मुक्कामी गाडी कुणाचं तरी राजकीय पुनर्वसन आहे, हे आपल्या गावीही नसतं.

देणं मात्र भरपूर. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. गावातल्या शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावानं मोफत पास. योजना उत्तम, यात वाकडं बोलायला जागा नाही. फक्त न आलेल्या गाडीत सवलत कशी घ्यायची, तेवढं शासन निर्णयात लिहायचं राहिलं.

आजोबा फुकट, आजी अर्ध्यात, नात पासावर. तिघंही थांब्यावर.

जानेवारी २०२५ मध्ये एसटीची भाडेवाढ झाली ती १४.९५ टक्के. पंधरा नाही हं, १४.९५. हा आकडा ठरवताना कुणीतरी चपलेच्या दुकानात उभं असावं. प्रश्न टक्क्यांचा नाहीच. ही वाढ ज्यानं ठरवली, त्याला जानेफळचा मतदार पाडू शकतो का? सरपंचाला पाडू शकतो. पण सरपंचानं काय केलंय बिचाऱ्यानं?

आपल्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये पूर्ण. नागपूरचा माणूस मुंबईला जाताना मेहकर तालुका काही मिनिटांत ओलांडतो. जानेफळच्या माणसाला तोच तालुका ओलांडायला अर्धा दिवस कमी पडतो. विकासाला घाई आहे, स्थानिकांना नाही.

शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना मेहकर, जानेफळ करत खामगावकडे जाते. पायी. शेकडो किलोमीटर चालून. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या गावी. वेळापत्रक पाळायला डिझेल लागत नाही, हे संस्थानानं कधीच सिद्ध केलंय.

आता मुद्द्याची शंका. महापौराच्या हाती पैसा दिला तर तो खाणार नाही का? कंत्राट मेव्हण्याला देणार नाही का? निवडणुकीच्या तोंडावर फुकट पास वाटणार नाही का?

खाईल, देईल, वाटेल.

पण आज काय वेगळं चाललंय? केंद्राची ई-बस, राज्याची मंजुरी, कंत्राटदाराचा ड्रायव्हर आणि महापौराचा नारळ. गाडी बंद पडली की चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात. त्यात गंमत अशी, की ज्याच्याकडे नुसता नारळ, त्यालाच आपण मत देतो.

पुण्याचं उदाहरण घ्या. तुकाराम मुंढे मार्च २०१७ मध्ये पीएमपीचे प्रमुख म्हणून आले. शिस्त लावली, नगरसेवकांशी वाजलं, प्रवाशांत चाहतेही मिळाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये बदली. माणूस चांगला की वाईट, यावर वाद घाला. पण त्याला पुणेकरांनी आणलं नव्हतं आणि पुणेकरांनी घालवलंही नाही. तोटा मात्र पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी ६० आणि ४० टक्के भरायचा.

बदलीचा हक्क सरकारचा, बिलाचा हक्क आपला.

तेव्हा द्या महापौराला अधिकार. पण नुसते देऊ नका. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. तेव्हापासून मुंबईही सरकारच्या भरपाईच्या हप्त्याकडे डोळे लावून असते. ज्याचं उत्पन्नच दुसऱ्याच्या सहीवर, त्याला बससेवा सोपवणं म्हणजे तोट्याचं दान. पैसा द्या, भाडं ठरवू द्या, मार्ग ठरवू द्या, प्रमुख नेमू द्या. आणि चुकला तर आम्हाला पाडू द्या. यातलं एकही कमी केलं तर राहतो तो नारळ.

आणि आम्हाला महापौर नाही तर जिल्ह्यात कुणाला तरी द्या. जिल्हा परिषदेला म्हणावं, तर २०१७ ला निवडलेल्या परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि तिथंही प्रशासक बसला. पुन्हा तेच. चिन्ह नसलेला माणूस.

कायदा बदलेल तेव्हा बदलो. तोवर एक बिनखर्चाचं काम करता येईल. गावोगावच्या प्रवासी निवाऱ्यावर आमदार-खासदार निधीतून बांधल्याची पाटी असते. नाव हातभर अक्षरांत, वर्ष, रक्कम, सगळं. त्याच पाटीखाली आणखी दोन ओळी रंगवा. बंद झालेली फेरी कोणती आणि ती कुणाच्या सहीनं बंद झाली. नाव, हुद्दा, फोन नंबर.

रंगाचा खर्च गाव वर्गणीतून देईल. सही करणारे किती उरतात, तेवढं बघू.