ओसरीवरचं क्रेडिट
अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं स्वस्तात ‘जनरल स्टडीज’ उरकायचं आणि मग विद्यापीठात जायचं, हा हिशेब कागदावर फार देखणा दिसतो. पण जीएओ या सरकारी लेखापरीक्षण संस्थेचा २०१७चा अंदाज सांगतो की, २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिटं वाटेतच गळाली. विद्यापीठ तोंडावर नाही म्हणत नाही हो. पुष्कळदा ते क्रेडिट ‘ऐच्छिक’ म्हणून घेतं, म्हणजे पाहुण्याला ओसरीवर बसवतं, पंगतीत पान मात्र मांडत नाही. कोणी म्हणेल, दर्जा राखायला नको का? जरूर राखा. पण कॅलिफोर्नियातल्या दोन सरकारी विद्यापीठ-व्यवस्थांचं सामान्य शिक्षणाच्या एका यादीवर एकमत व्हायला २०२१चा कायदा लागला, आणि २०२५च्या शरद सत्रापासून ३४ युनिटांची ‘कॅल-जीईटीसी’ ही सामाईक यादी लागू झाली. बीजगणित तेच, निबंधही तेच. दर्जा तेवढा कायद्याच्या धाकाने जुळला. मुख्य विषयाच्या पूर्वअटी अजूनही विद्यापीठागणिक निराळ्या आहेतच. तेव्हा ‘काय शिकायचं ते अजून ठरलं नाही’ अशांसाठी काढलेल्या या ‘जनरल स्टडीज’ अभ्यासक्रमाला जाताना पोरांनी विद्यापीठ, विषय आणि पदवी, सगळं अठराव्या वर्षीच ठरवून जावं.