धरसोड

लहानपणी घरात माझ्यासाठी एक विशेषण कायमचं राखून ठेवलेलं होतं: धरसोड्या. तबला सहा महिने, पोहणं एक उन्हाळा, स्काउट दीड आठवडा. हा शिक्का पुसायचा म्हणून पुढे मी जे धरलं ते घट्ट धरलं. नोकरी इतकी घट्ट की तिच्या मागोमाग पुण्याहून थेट त्रिनिदादला येऊन पडलो. आणि बावन्नाव्या वर्षी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये स्टीलपॅनच्या काठ्या हातात आल्या, त्याही तशाच धरल्या.

मी तेलधंद्यातला माणूस. ५५ गॅलनचं पिंप ही माझ्या लेखी मोजायची, रचायची आणि गळत नाही ना हे बघायची वस्तू. इथल्या लोकांनी त्याच पिंपाचा तळ घणाने ठोकून खोलगट केला आणि त्यातून सूर काढले. इंग्रजांनी १८८०च्या दशकात ढोलांवर बंधनं घातली तेव्हा हे लोक बांबू आपटू लागले, मग बिस्किटांचे डबे, मग पिंपं. गप्प बसवायला जावं तर ही माणसं आणखी मोठा आवाज करणारी वस्तू शोधून आणतात. १९९२ साली पॅन देशाचं राष्ट्रीय वाद्य झालं. मी मात्र इतकी वर्षं पिंपाला नुसतं पिंप समजत होतो.

पॅनयार्डात, म्हणजे पॅनवाल्यांच्या तालमीच्या अंगणात, पाऊल टाकलं आणि पुण्यातल्या नदीकाठची ढोल-ताशा पथकांची तालीम आठवली. तोच गोंगाट, तोच घाम, बोटांना तशाच चिकटपट्ट्या. पॅनोरमा स्पर्धेच्या आधी तर शंभराहून जास्त वादक रात्री उशिरापर्यंत त्याच चार ओळी घोटत असतात. मला टेनर पॅन मिळालं. नाव टेनर, पण आवाज सगळ्यांत बारीक. त्यात सा च्या एका बाजूला प, दुसऱ्या बाजूला म. पेटीच्या सवयीने रे शोधायला गेलो की हात भलत्याच घरी जाऊन दार वाजवायचा.

तिसऱ्या दिवशी उजव्या तर्जनीच्या कडेला टपोरा फोड आला. तळहाताच्या फोडासारखं जपणं म्हणतात, ते बोटाच्या फोडालाही लागू आहे. अंगठ्याच्या बुडाशी ठणका. सकाळी शर्टाचं बटण लागेना, गाडीची किल्ली फिरेना. लोणच्याच्या बरणीशी माझी झटापट बघून बायको म्हणाली, "अहो, तबला वाजवून बोटं दुखली तर समजू शकते. काठी धरून कुणाची बोटं दुखतात?" मग तिने कैलास जीवन काढलं. त्याने गार वाटलं, पण पुढच्या तालमीला काठी माशासारखी सुळसुळली. दुसऱ्या दिवशी मी कातडी हातमोजे घालून गेलो. ते पाहून सगळं पॅनयार्ड ज्या एका सुरात हसलं, तो सूर त्यांना पॅनवर अजून लागायचा होता.

आमच्या रांगेची प्रमुख चौदा वर्षांची मुलगी आहे. तिने माझी मूठ बघितली. "अंकल, या पॅनने तुमचं काय बिघडवलंय?"

मग तिने स्वतःची काठी दाखवली. वीतभर लाकूड, टोकाला रबर. अंगठा आणि तर्जनी यांच्यात अलगद टेकलेली, बाकीची बोटं नुसती सोबतीला. ताणलेल्या पत्र्यावर रबर पडलं की ते आपणहून उसळतं, वर आणायला जोर लागत नाही. मी मूठ आवळून ती उसळी अडवत होतो, आणि अडलेली उसळी जाणार कुठे? माझ्या सांध्यात. शिवाय सूर घुमायच्या जागी 'ठप्' व्हायचा. लांब स्वरासाठी दोन्ही काठ्या भराभर आलटून पालटून पडाव्या लागतात, तिथे तर मी बुडणाऱ्या माणसासारखा काठी कवटाळायचो.

"डबल्स कसा धरता?" तिने विचारलं. डबल्स म्हणजे दोन मऊ पुऱ्यांमध्ये रस्सेदार चणे, कागदात गुंडाळलेले. गिरमिटिया मजुरांच्या चुलीवरून इथल्या रस्त्यावर आलेलं खाणं. जास्त दाबलं की चणे शर्टावर, सैल सोडलं की पायावर. एवढ्यात सगळं कळलं; माझे बरेच शर्ट त्याला साक्षी आहेत.

तिने स्टँड बोटभर खाली केला, कारण पॅन उंच असलं की मनगट मुडपतं. काठीला बॅडमिंटनच्या रॅकेटची पट्टी गुंडाळून दिली. जाड काठीला कमी आवळावं लागतं. फोड न फोडता त्यावर चिकटपट्टी लावली. आणि नियम सांगितला: हाताला मुंग्या आल्या की काठ्या खाली, मग गाणं कितीही रंगात असो.

आठवड्याभरात ठणका उतरला. परवा लांब स्वरात इतका मोकळा झालो की उजवी काठी हातातून सुटली आणि मागच्या बेसच्या पिंपात जाऊन पडली. "हे जरा जास्तच सोडलंत, अंकल," ती मागे न बघताच म्हणाली.

रविवारी आईला फोनवर सगळं सांगितलं. धरायचं, लगेच सोडायचं, पुन्हा धरायचं, हीच म्हणे इथली विद्या. ती पलीकडे जरा वेळ गप्प होती.

"म्हणजे तू तबला सोडलास तो रियाजच होता म्हणायचा," आई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.