जाहिरातीपुरता जॅझ

अमेरिकेत मध्यरात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांत जॅझवाल्यांना पगारी नोकरी मिळते. काम सोपं: पाहुणा खुर्चीत टेकेपर्यंत वाजवायचं, जाहिरात आली की थांबायचं आणि यजमानाच्या विनोदाला हसायचं. ब्रॅनफर्ड मार्सालिससारखा सॅक्सोफोनवादक १९९२ मध्ये ‘टुनाइट शो’चा वाद्यवृंदप्रमुख झाला आणि १९९५ मध्ये बाहेर पडला. फर्माइशी हसण्याचा रियाज त्याच्या घराण्यात नसावा.

आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या कुहीकडे दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, खडी गंमत हे लोकनाट्य रंगतं. ढोलकीवाला रात्र रात्र उभा, पण निदान वाजवतो तरी पोटभर! जाहिरात इथंही असतेच म्हणा. शंभराची नोट आली, की लावणी थांबवून देणाऱ्याचं नाव पुकारायचं. पुढारी असेल तर दोनदा.