पात्र दगावल्यास करावयाची कार्यवाही

समुद्रपूर तालुक्याच्या हद्दीत डन्जन्स अँड ड्रॅगन्स किंवा तत्सम खेळ खेळणाऱ्या सर्वांस कळविण्यात येते की, पात्र म्हणजे कागद. त्याला आई नाही, शेत नाही, आधार कार्ड नाही. तरीही चांगला धडधाकट पोट्टा डाव अर्धा टाकून जाम चौरस्त्यावर चहा प्यायला निघून जातो आणि विचारले तर म्हणतो, "काही नाही बे, डोळ्यात कचरा गेला." सबब हे मार्गदर्शन.

रोगाचे मूळ अमेरिकेत आहे. जुन्या युद्धखेळांत एकेक गडी अख्खी पलटण हलवायचा. शिशाचे पन्नास शिपाई आडवे झाले तरी कुणाचे जेवण सुटत नसे. 1971च्या सुमारास मिनेसोटातल्या डेव्ह अर्नेसनने 'ब्लॅकमूर' नावाच्या खेळात प्रत्येकाच्या हाती एकेकच माणूस दिला आणि तो वाचला तर पुढच्या बैठकीला कमावलेल्या अनुभवासकट परत येऊ दिला. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि अर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' छापून आला, आणि तेव्हापासून लोक कागदासाठी रडू लागले.

प्रतिबंधाचा पहिला उपाय म्हणून पात्राला नाव ठेवू नका, असे सांगतात. तो फुसका आहे. गायगॅक्सच्या मुलाच्या, ल्यूकच्या, एका पात्राच्या कागदावर 'मेल', म्हणजे पुरुष, आणि 'एल्फ' एवढेच, तेही आद्याक्षर घालून, 'एम. एल्फ' असे होते. त्याचाच 'मेल्फ' झाला आणि त्याचा आम्लबाणाचा मंत्र आजही नियमांच्या पुस्तकात आहे. आपल्याकडे 'शिपाई नंबर 2' लिहून बघा. चहा येईपर्यंत तो गिरडचा निघतो. तिथल्या फरीदबाबांची थट्टा केली म्हणून ज्या व्यापाऱ्यांच्या मालाचे टेकडीवर दगड झाले, अशी आख्यायिका आहे, त्यांतला एक त्याचा पणजा असतो. तेव्हापासून घराण्याला उतरती कळा, घरावर कर्ज आणि लग्नाची बहीण. आता मारा त्याला!

लक्षणे वेळीच ओळखावीत. हिट पॉइंटचा, म्हणजे उरलेल्या जिवाचा, चौकोन खोडरबराने घासून घासून झिरझिरीत होतो, त्यातून खालच्या सतरंजीचा रंग दिसतो, तरी गडी नवा कागद घेत नाही. इथपर्यंत ठीक. पण त्याने झेरॉक्सच्या दुकानात जाऊन कागद लॅमिनेट करून आणला, तर समजावे की वेळ गेली. त्यावर आता पेन्सिल उमटत नाही, म्हणजे जखमही लिहिता येत नाही. त्याला तेच हवे असते.

प्रत्यक्ष मरण. त्याचा निकाल लावणारा वीस बाजूंचा फासा गावात मिळत नाही. कुरियर येईपर्यंत 1 ते 20 आकड्यांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या वाटीत घालाव्यात आणि दर वेळी उचललेली परत टाकावी. पाचव्या आवृत्तीच्या नियमानुसार शून्यावर आलेल्या पात्राने आपल्या पाळीला एक चिठ्ठी उचलायची. 10 किंवा वर आले तर तग धरला, खाली आले तर घसरला. तीनदा तग धरला की धोका टळला, तीनदा घसरला की संपला. 1 आला तर दोनदा घसरल्यासारखे. त्या वेळी वाटीत कुणीही डोकावू नये, विशेषतः खेळ चालवणाऱ्या डीएमने. दया येऊन आकडा फिरवणारे डीएम पुष्कळ आहेत. माझ्या मते तेच खरे गुन्हेगार. तिसऱ्या वेळीही हा वाचणारच, हे एकदा टोळीला कळले की कुणी जपून पाऊल टाकत नाही, आणि ज्याला जपावे लागत नाही त्याच्यावर जीव कशाला जडेल?

मृताला परत आणण्याची सोय पुस्तकात आहे. 'रेझ डेड' या मंत्राला 500 सोन्याच्या नाण्यांच्या किमतीचा हिरा लागतो आणि मरून दहा दिवसांपेक्षा जास्त झालेले चालत नाहीत. म्हणजे दहाव्याच्या आत उरकावे. शिवाय आत्मा परतायला राजी हवा. ही अट आपल्याला नवी नाही. पिंडाला कावळा शिवेना की घरचे बहिणीच्या लग्नाचे वचन देतात, तसेच इथे करायचे, फक्त उलट. वचन चुकूनही देऊ नये. लग्न अडलेले असेल तरच आत्मा परत येतो.

हिरा जमला नाही तर पंचनामा. देह थंड होण्याआधीच टोळीतला जवळचा मित्र म्हणतो, "भाऊ, वाईट झालं. त्याची जादूची तलवार कोन ठेवते आता?" त्याला तलाठ्याकडे धाडावे. वारस नोंद होऊन फेरफार मंजूर झाल्याशिवाय तलवार हलणार नाही, असे सांगितले की पुढच्या आवृत्तीपर्यंत निवांत.

नवे पात्र. शोकाकुल खेळाडू पुढच्या रविवारी मृताचा जुळा भाऊ घेऊन येतो. आकडे तेच, कर्ज तेच, फक्त मिशी नवी. डीएमने कागदपत्रे तपासून त्याला घ्यावे. तोही गेला आणि तिळ्यांपैकी तिसरा आला, तर मात्र आईला बोलावून घ्यावे आणि एकूण किती, हे एकदाच लिहून घ्यावे.