इंद्रजालकर आणि बाहेरची चड्डी

सुपरहिरोची मालिका लागली की ज्याच्या शेजारी बसायचं नसतं, असा एक इसम प्रत्येक सोसायटीत असतो. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तो दुसऱ्या मजल्यावर राहतो. खरं आडनाव अर्थात वेगळं आहे. पण इंद्रजाल कॉमिक्सचे अंक खाकी कापडात बाइंड करून, डांबरगोळ्या घालून, देवाच्या चांदीच्या भांड्यांवरच्या खणात कुलपात ठेवणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? म्हणून इंद्रजालकर. बँकेतून निवृत्त झाला, गुडघे बोलायला लागले, साखर वर गेली, पण सुपरमॅनच्या अंगावरचा एक टाका इकडचा तिकडे झालेला त्याला अजून खपत नाही.

नोकरीची बरीच वर्षं इन्स्पेक्शन खात्यात गेल्यामुळे असेल, तो मालिका बघत नाही, तपासतो. नायक चाळीस मजली इमारतीवरून उडी मारतो आणि हवेतच लटकून राहतो, कारण इंद्रजालकराने पॉज दाबलेला असतो. मग चष्मा कपाळावर, मान पुढे, बोट पडद्याला टेकलेलं.

"चड्डी कुठाय?"

हा त्याचा पहिला आणि शेवटचा शेरा. कथा, अभिनय, दिग्दर्शन वगैरे किरकोळ गोष्टी नंतर. सुपरहिरोची चड्डी बाहेरून असली पाहिजे. ती आत गेली की मालिका गेली.

या विषयावर त्याच्याशी वाद घालायला जाऊ नये, त्याच्याकडे सीनिऑरिटी लिस्ट तयार असते. वेताळ, म्हणजे ली फॉकचा फँटम, अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात १७ फेब्रुवारी १९३६ रोजी आला. सुपरमॅन १९३८ सालचा, बॅटमॅन १९३९ चा. म्हणजे अंगाला चिकटलेला पोशाख आणि त्यावर चड्डी हा मान सेवाज्येष्ठतेने आमच्या वेताळाचा, बाकी सगळे ज्युनिअर. त्यातही वेताळाची साधी नव्हे, पट्ट्यापट्ट्यांची. आमच्या लहानपणी तसली चड्डी, तीही नाडीची, गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या अंगावर असायची. त्यामुळे डेंकालीच्या जंगलात राहणारा हा गोरा माणूस आपल्यातलाच आहे, फक्त त्याला वर शर्ट कोणी घेऊन दिला नाही, अशी आमची प्रामाणिक समजूत होती.

(मूळ इंग्रजीत त्या देशाचं नाव बंगाला. आपल्याकडे भलता घोळ नको म्हणून इंद्रजालवाल्यांनी ते डेंकाली केलं. हे मला माहीत असायची काही गरज नव्हती; पण एकदा लिफ्ट बंद पडली तेव्हा मी इंद्रजालकराबरोबर आत होतो.)

तर अशा माणसाला त्याच्या मुलाने २००९ सालची 'द फँटम' ही दोन भागांची परदेशी मालिका कुठूनशी मिळवून दिली. मुलाचा हेतू चांगला होता. वहिनींनी साबुदाण्याची खिचडी केली होती, मीही गेलो होतो. पडद्यावर एक तरुण, काहीतरी शास्त्रीय चिलखतासारखा सूट, त्या सुटामुळेच म्हणे अंगात ताकद. पट्टे नाहीत. चड्डी नाही. इंद्रजालकराने पॉज दाबला, खिचडीची बशी खाली ठेवली आणि मुलाकडे असं पाहिलं की जणू त्याने परजातीत लग्न केलंय. (तेही त्याने केलं होतं, पण त्या वेळी हा इतका दुखावला नव्हता.)

"वेताळाकडे कसलीही शक्ती नसते," तो म्हणाला. "एक अंगठी कवटीची, ती गुंडाच्या जबड्यावर उमटते. दुसऱ्या हातात अभयचिन्हाची. दोन पिस्तुलं. एक घोडा. आणि चारशे वर्षांची थाप की तो मरत नाही. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, बास. सुटात ताकद असती तर मग माणूस कशाला हवा? हँगरच पाठवा की जंगलात!"

हे मात्र, कबूल करायला जिवावर येतं, बरोबर होतं.

१९८६ च्या 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' या कार्टून मालिकेवर तर त्याचा कायमचा राग आहे. तीत वेताळ, मँड्रेक, लोथार आणि फ्लॅश गॉर्डन असे सगळे एकत्र नांदतात, आणि वेताळ गरज पडली की दहा वाघांची ताकद अंगात मागवून घेतो. वेताळात दहा वाघांचं बळ आहे ही जंगलातली जुनी म्हण. मूळ कथेत ती म्हण म्हणूनच येते. "म्हण आहे ती!" इंद्रजालकर ओरडतो. "आपण म्हणतो अमक्याच्या पोटात कावळे ओरडतात, म्हणून कोणी पोटात पिंजरा बसवतो का?"

परदेशी मालिकांची त्याने केलेली वर्गवारी चड्डीवरच आहे. १९५२ साली सुरू झालेल्या जॉर्ज रीव्हजच्या सुपरमॅनला पास, कारण चड्डी होती. पण सुरुवातीचे भाग कृष्णधवल, आणि त्यात रंगांतला फरक नीट उठून दिसावा म्हणून पोशाख चक्क करडा-तपकिरी शिवला होता. हे कळलं त्या दिवशी तो रात्री साडेदहाला माझ्या दारात उभा. मला वाटलं, कोणी गेलं. "तपकिरी," तो म्हणाला. "तपकिरी होती रे." मी पाणी दिलं.

१९६६ चा ॲडम वेस्टचा बॅटमॅन त्याला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. चड्डी बाहेर, पोट किंचित सुटलेलं, आणि ठोसा बसला की पडद्यावर मोठ्या रंगीत अक्षरांत आवाज उमटतो. लोक त्या मालिकेला हसतात हे त्याला समजतं, करणारेही हसतच करत होते हेही समजतं, पण हसता हसता का होईना, त्यांनी पान जसंच्या तसं उचललं, असं त्याचं म्हणणं. १९७७ च्या हल्कला ग्रेस मार्कांनी पास: बॅनरचं पहिलं नाव ब्रूस बदलून डेव्हिड केलं म्हणून मार्क कापले, हल्कचा हिरवा रंग काढून तो लाल करायचा निर्मात्याचा विचार होता म्हणून आणखी कापले, पण अंगावरचे सगळे कपडे फाटून नेमकी अब्रूपुरती विजार शिल्लक राहते, या कारागिरीपुढे त्याने हात जोडले. जपानी लोकांनी १९७८ मध्ये स्पायडरमॅन केला आणि त्याला एक प्रचंड यंत्रमानव चालवायला दिला. कोळ्याला रोबो! त्या मालिकेचं नाव घेतलं की वहिनी गोळीचा डबा जवळ घेऊन बसतात.

आणि मग 'स्मॉलव्हिल'. ही कथा जरा सावकाश सांगितली पाहिजे, कारण या माणसाचं आयुष्य यात खर्ची पडलंय. २००१ साली सुरू झालेल्या या मालिकेत सुपरमॅन व्हायच्या आधीचा क्लार्क केंट आहे, आणि करणाऱ्यांनी पहिल्यापासून ठरवलं होतं की पोशाख नाही आणि उडणंही नाही. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी माणूस सुपरमॅन बघतो त्या दोन्ही बाद. दुसरा कोणी असता तर त्याने चॅनल बदललं असतं. इंद्रजालकर दहा सीझन बसला. "शेवटी घालणार," तो म्हणायचा. "शेवटच्या भागात घालावाच लागेल, जातोय कुठे?" दरम्यान मुलाचं शिक्षण झालं, इमारतीला लिफ्ट बसली, लिफ्ट बंद पडली. २०११ साली मालिका संपली. शेवटच्या भागात क्लार्क खरोखरच उडाला, लांबून, पुसट पुसट. आणि अगदी शेवटी त्याने छातीवरचा शर्ट फाडला, आत ते अक्षर दिसलं, आणि समाप्त. कंबरेखालचं जवळून काहीच दाखवलं नाही.

दहा वर्षं! इंद्रजालकराने तो पुसट उडणारा ठिपका किती वेळा पॉज केला असेल, देव जाणे. भिंग लावून बघितला. काही कळलं नाही.

त्याच वर्षी पुस्तकातल्या सुपरमॅननेही चड्डी सोडली. कॉमिक्सवाल्यांनी सगळी दुनिया नव्याने मांडली आणि त्यात लाल चड्डी गायब केली. हा आघात घरातला होता. इंद्रजालकर आठवडाभर खाली कट्ट्यावर आला नाही. पुढे २०१८ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'च्या हजाराव्या अंकात चड्डी परत आली, तेव्हा त्याने सोसायटीत पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं, तर वहिनींनी परस्पर "मुलाला प्रमोशन" असं सांगितलं. बाईंचंही खरं आहे, चारचौघांत काय सांगणार.

आपल्याकडच्या मंडळींनाही तो सोडत नाही. 'शक्तिमान' १९९७ साली दूरदर्शनवर आला, तेव्हा रविवारी दुपारी त्याच्या घरी कॉलनीतली सगळी पोरं जमायची, आणि हा मागे खुर्चीत बसून कुरकुरायचा. आधी पुस्तक येतं, मग मालिका. इथे आधी मालिका आणि मागून पुस्तक, हा उलटा व्यवहार त्याला मान्य नव्हता. शिवाय ज्या मुकेश खन्नांना 'महाभारता'त भीष्म म्हणून पाहिलं, त्यांनी गरगर गिरक्या घेत उडायचं? आणि भाग संपला की चुकलेल्या पोरांनी शक्तिमानची माफी मागायची. "वेताळाने कधी कोणाला दात घासायला सांगितलं?" तो पोरांसमोर विचारायचा. पोरं त्याला गप्प बसवायची. एवढं असूनही तो चार ताटल्या भरून चिवडा करायला लावायचा, आणि दिवे गेले तर पोरांना उरलेला भाग मनानेच रचून सांगायचा. त्याने रचलेले भाग मूळ मालिकेपेक्षा बरे असत, असं तेव्हाची पोरं अजून म्हणतात. पोरं म्हणजे आता चाळिशीतले बाप्ये.

आबिद सुरतींच्या बहादूरवर मात्र कोणी मालिका काढली नाही, याचं त्याला दुःख आहे. इंद्रजालमध्ये १९७६ साली आलेला तो चंबळकडचा पोरगा, डाकूंशी लढणारा, भगवा कुर्ता आणि खाली जीन्स. मी एकदा खोचून विचारलं, "मग त्याची चड्डी?"

"भारतीय माणूस आहे तो," इंद्रजालकर शांतपणे म्हणाला. "आत घालतो."

हल्लीच्या मालिका तो बघतो, पण जीव लावत नाही. २०१५ च्या 'डेअरडेव्हिल'मध्ये बोळातली ती लांबलचक मारामारी बघून तो "वा" म्हणाला खरा, पण पहिल्या सीझनच्या तेरा भागांत लाल पोशाख यायला शेवटचा भाग उजाडला, याची नोंद त्याने करून ठेवली आहे. "हे सगळे अंधारात का उभे असतात?" तो विचारतो. "आणि सगळ्यांना कसला एवढा त्रास आहे? आमचा वेताळ चारशे वर्षं गुहेत राहून कधी डॉक्टरकडे गेला नाही." मला वाटतं, यात थोडं तथ्य आहे. मोठ्या माणसांनी सुपरहिरो मुलांकडून काढून घेतले आणि आधी त्यांची चड्डी उतरवली, कारण मोठ्या माणसांना चारचौघांत ती बघायची लाज वाटत होती. बघायचं तर होतं, पण गंभीर काहीतरी बघतोय असं दाखवून. इंद्रजालकराला ती लाज कधी वाटली नाही, आणि म्हणून आम्ही त्याला हसतो.

मागे एकदा मी त्याला विचारलं, की बाबा रे, समज उद्या कोणी तुझ्या मनासारखी मालिका काढली, पट्टे, चड्डी, दोन्ही अंगठ्या, सगळं पानाबरहुकूम, तर आवडेल का? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आवाज कुठून आणतील?"

त्याचा मामा रेल्वेत गार्ड होता. फेरीवरून येताना स्टेशनच्या स्टॉलवरून मराठी इंद्रजाल आणायचा आणि ओसरीवर बसून भाच्याला वाचून दाखवायचा. बिडीने घोगरा झालेला आवाज, वेताळासाठी आणखी खाली उतरवलेला. एकेका चित्रावर बोट, आणि पुढचं चित्र दुसऱ्या हाताच्या तळव्याखाली झाकलेलं. वेताळाने ठोसा उगारलाय, आणि तळवा हलत नाही. पोरगं रडकुंडीला यायचं. मग मामा सावकाश हात उचलायचा.

हे सांगताना इंद्रजालकराने कपाट उघडून एक बाइंड खाली काढला. अंकांच्या पिना गंजलेल्या, पानांवर तांबडे डाग. प्रत्येक पानाच्या उजव्या बाजूला एक काळपट तेलकट ठसा, जिथे मामाचा हात असायचा. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं, मामा त्याच्या आधीच गेला. "ते पान मी पुसून घेतलं नाही," तो म्हणाला, आणि लगेच खेकसला, "तू हात धुतलेस का?"

तेवढ्यात त्याची नात आत आली. वय सात, आजोबांचं रिमोट लपवण्यात पटाईत. तिने बाइंड ओढून घेतला, वेताळाकडे नीट बघितलं आणि विचारलं, "आजोबा, ह्याने चड्डी वरून का घातलीय?"

मी सरसावून बसलो. उभ्या आयुष्याचा अभ्यास असलेल्या माणसाला योग्य श्रोता भेटला होता. सर्कशीतले पहिलवान, १९३६, सेवाज्येष्ठता, सगळं आता येणार. पण त्याला तोंड उघडायलाही न देता तिनेच निकाल दिला.

"घाईत घातली असेल. कोणीतरी वाचवा वाचवा ओरडलं असणार."

इंद्रजालकर अवाक. असा मी त्याला कधी पाहिला नव्हता. दोन दिवसांनी जिन्यात गाठ पडली, तेव्हा त्याने मला कठड्याशी अडवून हाच सिद्धांत स्वतःचा म्हणून सविस्तर ऐकवला, पुराव्यादाखल वेताळाचे तीन अंक दिले आणि वर बजावलं, "हे कुठे लिहू नकोस, माझा लेख यायचाय."