सेमी-स्ट्रॅट

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी माणसाचे गुडघे दुखायला लागतात, किंवा त्याला इलेक्ट्रिक गिटार घ्यावीशी वाटते. माझं दोन्ही एकाच पावसाळ्यात सुरू झालं. गुडघ्यांचं मी घरी लगेच सांगितलं. गिटारचं तीन महिने पोटात ठेवलं.

हौस तशी जुनी. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला एक मुलगा गिटार वाजवायचा आणि आम्ही बाकीचे खुर्च्या मांडायचो. त्या काळी परदेशी गिटार म्हणजे कुणाच्या तरी मर्चंट नेव्हीतल्या मामानं आणायची वस्तू. बाकीच्यांची गिटार यायची कोलकात्याहून, आणि तिचं नाव ‘गिवसन’. अमेरिकेत ‘गिब्सन’ नावाची एक बडी कंपनी आहे, हे आम्हाला फार पुढे कळलं. कोलकात्यात एरवी ‘व’चा ‘ब’ होतो. इथे ‘ब’चा ‘व’ झाला होता. पण देशातल्या कितीतरी पोरांनी गिटारची बाराखडी त्याच गिवसनवर गिरवली, हेही खरं.

मला हवी होती ती मात्र स्ट्रॅट. पूर्ण नाव फेंडर स्ट्रॅटोकास्टर, जन्म १९५४, गाव फुलर्टन, राज्य कॅलिफोर्निया. डोळे मिटून ‘इलेक्ट्रिक गिटार’ म्हटलं की जे चित्र समोर येतं ते बहुधा हिचंच: खांद्यापाशी दोन शिंगं, पोटावर तारांचा नाद टिपणारे तीन पिकअप, केबल खोचायची तिरकी वाटी, आणि वाजवणाऱ्याच्या बरगड्यांना टोचू नये म्हणून मागच्या बाजूनं तासून काढलेली कंबर. सत्तर वर्षांत गाड्या बदलल्या, टीव्ही बदलले, टेलिफोन तर ओळखू येईनासे झाले. हिचा आकार तेवढा राहिला.

एका शनिवारी धीर करून दुकानात गेलो. भिंतीवरची मांडणी अगदी आपल्या समाजासारखी होती. सगळ्यात वर, काचेआड, कुलपात, अमेरिकेत बनलेल्या गिटारी. किंमत दोन लाखांच्या घरात. त्यांच्याखाली त्याच कंपनीच्या, पण मेक्सिकोत बनलेल्या; लाखाच्या आत-बाहेर. आणि तळाशी, गुडघ्याच्या उंचीवर, कपाळावर ‘स्क्वायर’ असं नाव घेतलेल्या, इंडोनेशियातून आलेल्या, पंचवीस-तीस हजारांत. शिंगं तीच, वाटी तीच, पिकअप तीनच. परवडणारी गिटार बघायला वाकावं लागतं, आणि गुडघ्यांचं मघाशी सांगितलंच.

“काका, मुलासाठी बघताय?” काउंटरमागच्या पोरानं विचारलं.

“हो,” मी म्हणालो. मला मुलगा नाही.

वरच्या आणि खालच्या गिटारीत फरक काय, असं विचारल्यावर त्यानं लाकूड सांगितलं, पिकअप सांगितले, खुंट्या सांगितल्या, आणि मग जरा थांबून म्हणाला, “बाकी काका, फील.” मी मनातल्या मनात वजाबाकी केली. फील पावणेदोन लाखांचा होता.

“वाजवून बघता?” त्यानं केबल हातात घेतली. शेजारी एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा फ्रेटबोर्डवर बोटांची अशी काही पळापळ करत होता की मी घाईघाईनं म्हणालो, “मुलालाच घेऊन येतो,” आणि बाहेर पडलो.

आयुष्य बँकेत गेलेलं असल्यानं घरी येऊन मी कागदाचे दोन रकाने पाडले. डावीकडे दोन लाख, उजवीकडे सत्तावीस हजार. तो कागद बायकोला सापडला.

“हे स्क्वायर म्हणजे काय?”

“म्हणजे तसं तेच. कंपनी तीच, आकार तोच. फक्त अगदी अस्सल नाही.”

“म्हणजे सेमी पैठणी.”

मी गप्प राहिलो. कारण पुढचा प्रश्न मला माहीत होता.

“दादाच्या लग्नाला मी येवल्याची पैठणी घेऊ म्हणाले, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?”

मी म्हणालो होतो, “नेसल्यावर कुणाला कळतंय?”

“मग,” ती कागदाची घडी घालत म्हणाली, “वाजवल्यावर तरी कुणाला कळणार आहे?”

यात टोमणा किती आणि मंजुरी किती, याचा हिशेब मी अजून करतो आहे.

पण तिच्या बोलण्यानं एक खोच मनात राहिली. अस्सल पैठणीचा पदर उलटा करून बघतात. सुलट बाजू आणि उलट बाजू सारखीच दिसली तर ती हातमागावरची. मग गिटारीचा पदर कसा उलटायचा? पुढच्या शनिवारी मी पुन्हा दुकानात जाऊन तेच केलं. खालची गिटार उचलून पाठ बघितली. मान जिथे धडाला मिळते तिथे एक धातूची पट्टी, आणि तिच्यात चार स्क्रू. मग त्या पोराला काचेआडची काढायला लावली. तिच्याही पाठीवर चार स्क्रू.

या चार स्क्रूंमध्येच सगळी गोष्ट आहे. जुन्या चालीच्या गिटारीत मान धडाच्या खोबणीत बसवून सरसानं चिकटवतात, व्हायोलिनसारखी. लिओ फेंडरनं ती स्क्रूनं आवळली. हा गृहस्थ वाद्य बनवणाऱ्यांच्या घराण्यातला नव्हताच. शिकला हिशेबनिसाचं काम, नोकऱ्याही त्याच केल्या. मंदीच्या काळात नोकरी गेली, तेव्हा १९३८ साली फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. जे बिघडणार ते उघडता आलं पाहिजे, ही दुरुस्तीवाल्याची अक्कल. मान वाकली? स्क्रू काढा, दुसरी बसवा. आणि ज्यानं स्ट्रॅट बनवली त्या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती. सुरात लावायलासुद्धा दुसरं कुणी लागायचं. हिशेबनीस आणि गिटार येत नाही: या दोन्ही पात्रता माझ्याकडे होत्या. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

म्हणजे पैठणीची उपमा इथे जरा फसते. येवल्याची पैठणी मागावरची असते आणि सेमी यंत्रावरची. स्ट्रॅट मात्र पहिल्या दिवसापासून कारखान्यातलीच. करवतीनं कापा, रंग मारा, स्क्रू आवळा, पेटीत घाला. १९५४ साली सुराला हेलकावे देणाऱ्या दांडीसकट तिची किंमत होती २४९ डॉलर ५० सेंट. वरच्या भिंतीवरची गिटार जास्त निगुतीनं केलेली असते, तिचे सुटे भाग चांगले असतात, यात शंका नाही. पण ती हातमागाची आणि खालची यंत्रमागाची, असा जातिभेद नाही. दोघी यंत्रमागाच्याच.

खालचीच्या कपाळावरच्या नावाचीही कथा आहे. व्हिक्टर स्क्वायर हे मिशिगनमधल्या बॅटल क्रीक गावचे व्हायोलिन बनवणारे. १८९० साली त्यांनी पेढी काढली आणि पुढे तिचं नाव झालं ते तारांसाठी. फेंडर कंपनीनं १९६५ मध्ये ती विकत घेतली. नंतर ते नाव कपाटात पडून राहिलं. दरम्यान जपानी कारखाने स्ट्रॅटच्या नकला करू लागले, आणि त्या इतक्या चांगल्या निघाल्या की अमेरिकेतल्या मूळ मालकांना घाम फुटला. तेव्हा १९८२ साली कंपनीनं जपानमध्येच स्वतःची स्वस्त गिटार बनवून घेतली आणि कपाटातलं नाव झटकून तिच्यावर चिकटवलं. दुसऱ्यानं आपली नक्कल करण्यापेक्षा आपणच केलेली बरी, हा त्यातला हिशेब. गंमत म्हणजे त्या सुरुवातीच्या जपानी स्क्वायर आज शौकीन लोक हुडकून, चांगले पैसे मोजून घेतात. सेमी पैठणीही पुरेशी जुनी झाली की आजीची पैठणी होते, तसंच हे.

गिब्सनच्या घरीही अशी धाकटी पाती आहे, एपिफोन. ती आधी प्रतिस्पर्धी होती. १९५७ साली विकत घेऊन घरात आणली. तिची ‘लेस पॉल’ नावाची गिटार मी उचलून पाहिली. चार किलोंच्या आसपास वजन. पुन्हा जागेवर ठेवली.

आणि ज्यांच्यामुळे स्ट्रॅटला देवपण आलं, त्यांनी ती घेतली कशी? एरिक क्लॅप्टननं १९७० साली नॅशव्हिलच्या एका दुकानातून जुन्या स्ट्रॅटी घेतल्या. तेव्हा त्यांना फारसं कुणी विचारत नव्हतं. एकेक शंभर डॉलरच्या आसपास पडली. त्यानं काही मित्रांना वाटल्या, उरलेल्या तीन खोलल्या, आणि हिची मान, तिचं धड असं करून एक काळी गिटार जुळवली. ‘ब्लॅकी’ तीच. २००४ मध्ये लिलावात तिला साडेनऊ लाख डॉलरच्या वर किंमत आली. म्हणजे जगातल्या एका सर्वांत अस्सल स्ट्रॅटचा अवयव न् अवयव वेगळ्या घरचा. चार स्क्रूंची कृपा.

आयर्लंडच्या रोरी गॅलाघरनं तर १९६३ साली कॉर्कमध्ये जुनी स्ट्रॅट जवळजवळ शंभर पौंडांना घेतली, तीही उधारीवर. पंधरा वर्षांचं पोर आणि डोक्यावर शंभर पौंड! त्या गिटारीचा रंग पुढे घामानं सोलून निघाला. नुसतं लाकूड राहिलं. २०२४ मध्ये ती लिलावात साडेआठ लाख पौंडांहून जास्त किमतीला गेली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली गेली. उधारीवर घेतलेली वस्तू संग्रहालयात जाते, हे ऐकून आमच्या कर्जविभागाला बरं वाटलं असतं.

तिसऱ्या शनिवारी मी खालची घेतली. रोख.

पहिले दोन महिने ठीक गेले. मग मार्च आला, पुण्याची हवा कोरडी झाली, आणि गिटार चावायला लागली. मानेच्या कडेवरून हात फिरवला की तिच्यावरच्या आडव्या पट्ट्यांची टोकं करवतीसारखी लागायची. लाकूड सुकून अंगानं आत गेलं, धातूच्या पट्ट्या होत्या तिथेच राहिल्या. पेठेत पेटीपासून व्हायोलिनपर्यंत सगळं दुरुस्त करणारे एक जण आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, मानेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “हा दोन लाखांतला फरक. वरच्या गिटारीत ही टोकं कारखान्यात बसून कुणीतरी घासतं. इथे आपण घासायची.”

दीड तास ते घासत होते. मग मानेच्या आतली सळई पाव फेरा फिरवली, घोडीवरचे सहा तुकडे एकेक करून मागेपुढे सरकवले, तारा खाली घेतल्या. मधूनमधून एखादी तार छेडून कान तिरका करायचे, अगदी तंबोऱ्याची जवारी लावणारा करतो तसा. मिरजेहून आलेला नवा तंबोराही जवारी लागेपर्यंत नुसता भोपळा आणि लाकूडच असतो. फीलची ही देशी आवृत्ती मला दीड हजारांत पडली.

त्यांनीच विचारलं, “फ्रेटबोर्डच्या पट्टीचं लाकूड कुठलं?” पेटीवर लिहिलं होतं, ‘इंडियन लॉरेल’. महागड्या गिटारींच्या पट्टीला शिसवी वापरतात. २०१७ च्या सुरुवातीला शिसवीच्या सगळ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आली, तेव्हा गिटारवाल्यांनी दुसरी लाकडं धुंडाळली. पुढे तयार वाद्यांना सूट मिळाली, पण स्वस्त गिटारींवर हे लॉरेल राहिलं ते राहिलंच. मी घरी येऊन शोधलं. इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन. मगरीच्या पाठीसारख्या सालीचा. कोकणात राबासाठी ज्याच्या फांद्या तोडतात तो. आमच्या आजोबांच्या जमिनीच्या बांधाला तीन होते, आणि त्यांच्याकडे कुणी कधी मान वर करून पाहिल्याचं मला आठवत नाही. माझ्या पट्टीचा ओंडका कुठल्या डोंगरातला, ते पेटीवर लिहिलेलं नव्हतं. पण झाड ओळखीचं निघालं.

एक खोड मात्र चाकूनं, कानशीनं जाण्यातली नाही. या जातीचे पिकअप विजेच्या तारांतली कंपनं पकडतात आणि ॲम्पमधून सतत एक घूं निघतो. वरच्या भिंतीवरच्या गिटारींनाही ही खोड आहे. गिटारच्या तारांना हात लावला की तो कमी होतो, काढला की वाढतो. बायकोनं पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातून विचारलं, “मिक्सर चालू राहिलाय का?” आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते; म्हणजे हा घूं पांढरी पाचच्या किंचित वर पडतो. अमेरिकेतली वीज ६० वेळा हेलकावते, आणि तिचा सूर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या अगदी मधोमध, धड कुठेच नाही. त्यामुळे निदान या एका बाबतीत माझी सत्तावीस हजारांची गिटार अमेरिकेत वाजणाऱ्या कुठल्याही स्ट्रॅटपेक्षा जास्त सुरात आहे. मी तो घूं तसाच ठेवतो आणि त्यावर पांढरी पाच धरून सा लावतो. फुकटचा तंबोरा.

परवा तारा आणायला दुकानात गेलो होतो. त्या पोरानं ओळखलं. “काय काका, मुलगा कसा वाजवतोय?”

“सुधारतोय,” मी म्हणालो. “अजून बोटं दुखतात म्हणतो.”

“दुखणारच. सोडायला देऊ नका त्याला.”

गिटार आमच्याकडे भिंतीला टांगलेली नाही आणि पेटीतही नसते. ती जेवणाच्या टेबलाच्या चौथ्या खुर्चीवर असते. पाहुणे आले की आम्हाला एक खुर्ची कमी पडते.