डेकला मारलेल्या थापा

जालन्यात जुनी गाडी बाळगायला छाती लागते. इतर गावांत जुनी गाडी दारात उभी राहते, धूळ खाते, टपावर मांजर झोपतं आणि लोक फार तर हळहळतात. आमच्या एमआयडीसीत मात्र भट्ट्या आहेत. ठिकठिकाणचं भंगार ट्रकांनी इथं येतं, वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. त्यामुळे इथला माणूस जुन्या लोखंडाकडे आठवण म्हणून बघत नाही, वजन म्हणून बघतो. समोरचे शेटजी सकाळी फिरून येताना माझ्या ऑक्टाव्हियापाशी हटकून थांबतात, बोनेट थोपटतात आणि विचारतात, "सर, तेराशे किलो भरंल की! कधी सांगताय?"

"शेटजी, चालू गाडी आहे हो."

"चालू द्या, चालू द्या. भाव बी चालूच हाये."

गाडी सेकंडहँड आहे, पण परकी नाही. नाव चेक देशातलं असलं तरी जोडणी शेंद्र्याची. स्कोडानं २००१ साली शेंद्रा एमआयडीसीत गाड्या जोडायला सुरुवात केली आणि शेंद्रा म्हणजे औरंगाबादहून, आताच्या संभाजीनगरहून, जालन्याला येताना वाटेतच. पुढे २०१० साली औरंगाबादकरांनी एका दिवसात दीडशे मर्सिडीज विकत घेऊन देशाला तोंडात बोट घालायला लावलं, पण त्याआधी ज्याच्या दारात ऑक्टाव्हिया, तोच आमच्याकडे मोठा माणूस. माझ्या गाडीचे पहिले मालक तसे मोठेच होते, बियाण्यांचे व्यापारी. बारवाल्यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि बियाण्यांच्या धंद्यानं पुढे गावात जो पैसा आणला, त्यातल्या कुठल्यातरी ओंजळीतून ही गाडी आली. फिरत फिरत ती माझ्यापर्यंत पोचेतो व्यापाऱ्यांची ऐट तिच्यातून पार उतरली होती. डेक तेवढा राहिला होता.

डेक कंपनीचा. डॅशबोर्डच्या वळणाबरोबर वळलेला, काळा, गुळगुळीत. कॅसेटचं तोंड, रेडिओ आणि आवाजाचं जाडजूड बटण. आवाज असा की चार दारांच्या चार स्पीकरमधून तबल्याची थाप थेट बरगडीत लागावी. पण माझा भाचा पहिल्यांदा गाडीत बसला तेव्हा त्यानं हे काहीच पाहिलं नाही. हातातल्या वायरची पिन घेऊन तो डेकवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे चाचपडत राहिला.

"मामा, भोक कुठंय?"

भोक नव्हतं. ज्या काळात डेक घडला, त्या काळात फोनचं काम बोलणं एवढंच होतं. फोनमधून गाणं वाजेल आणि ते गाडीनं ऐकवावं अशी मागणी कुणी करेल, हे ना चेकमध्ये कुणाला सुचलं असेल ना शेंद्र्यात.

यावर साऱ्या गावाचा सल्ला एकच. "काढून टाका तो डबा, अँड्रॉइड स्क्रीन बसवा. पाच-सहा हजारात मिळतो. यूट्यूब दिसतं, रिव्हर्स कॅमेरा दिसतो." मला गाडी मागे घेताना मागचं दिसायला हवं असतं हे खरं, पण पुढे जाताना यूट्यूब कशाला दिसायला हवं? शिवाय डॅशबोर्डच्या त्या वळणावर चौकोनी काच बसवायची तर भोवती प्लॅस्टिकची पट्टी ठोकावी लागते, आणि ती पट्टी पहिल्याच उन्हाळ्यात कानाकोपऱ्यांतून उठते. मी हट्टाला पेटलो. डेक हाच, गाणं फोनचं.

हट्टाला पेटल्यावर कळलं की या डेकला खरं सांगून काही उपयोग नाही. 'बाबा रे, हा फोन आहे, यातलं गाणं वाजव,' असं त्याला समजावण्याची सोयच नाही. त्याला तीनच गोष्टी ठाऊक: कॅसेट, रेडिओ आणि डिक्कीतला सीडी चेंजर. तेव्हा फोनला या तिघांपैकी कुणाचं तरी सोंग देणं आलं.

पहिलं सोंग भाच्यानं बाजारातून आणलं. दिसायला हुबेहूब कॅसेट, पण पोटात टेप नाही आणि कडेनं वायर लोंबतेय. यातली अक्कल मला मनापासून आवडली. फिलिप्सनं १९६३ साली कॅसेट आणली तेव्हापासून डेकचं हेड एकच काम करतं, समोरून सरकणाऱ्या टेपमधलं बदलतं चुंबकत्व वाचायचं. समोर टेप आहे की दुसरंच काही, हे ते बघत नाही. या खोट्या कॅसेटमध्ये टेपच्या जागी तसलंच एक हेड बसवलेलं असतं. फोनमधून येणारं गाणं ते चुंबकत्वात बदलून डेकच्या हेडच्या तोंडाशी धरतं. संशय नको म्हणून आत प्लॅस्टिकची दातेरी चाकंही फिरत राहतात, टेप चालू असल्याचं दाखवायला.

पण आमच्या डेकला ऑटो रिव्हर्स. एक बाजू संपली की आपोआप दुसरी लावणारा. ती चाकं जरा अडखळली की याला वाटायचं, बाजू संपली. 'खट्' करून हेड फिरायचं आणि गाणं गायब. भोकरदनच्या रस्त्यावर खड्डा आला की खट्, गतिरोधक आला की खट्. मध्येच तोंड उघडून अख्खी कॅसेट बाहेर टाकायचा. पुढे मे महिन्यात गाडी दुपारभर उन्हात राहिली आणि कॅसेटनं डॅशबोर्डवर पडल्या पडल्या अशी पाठ वाकवली, की नंतर डेकनं तिला तोंडातही घेतलं नाही.

दुसरं सोंग एफएमचं. सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायचा ठोंब्या. तो स्वतःचं चिमुकलं स्टेशन सुरू करतो आणि डेकला वाटतं, रेडिओ लागलाय. जालन्यात त्यानं झकास काम केलं, कारण आमच्या हवेत स्टेशनांची गर्दी नाही. शेंद्र्याच्या पुढे गेलो की मात्र संभाजीनगरचे निवेदक भीमसेन जोशींच्या अभंगात घुसून साड्यांचा सेल जाहीर करायचे. एकदा टोलनाक्यावर शेजारच्या बोलेरोतही तसलाच ठोंब्या असावा. माझ्या डेकवर अचानक त्यांचं लग्नाचं गाणं वाजू लागलं. माझा अभंग त्यांच्याकडे पोचला असावा, कारण बोलेरोतले सगळे वऱ्हाडी वळून माझ्याकडे बघत होते.

उरला सीडी चेंजर. त्यासाठी चाचांकडे जावं लागलं.

चाचा ऑटो इलेक्ट्रिशियन. टपरीवजा दुकान, बाहेर जुन्या बॅटऱ्यांची रांग, आत वायरींचं जंगल. वय झालंय, पण टेस्ट लॅम्प हातात घेतला की नजर तिशीतली होते. डेक बघून त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं, "साब, ये चीज निकालने का नहीं, बचाने का है." मी तिथंच त्यांचा झालो.

हा डेक बाहेर काढायला स्क्रू नसतात. तोंडावरच्या बारीक फटींत पोलादी पात्या सरकवल्या की आतल्या खिट्ट्या सुटतात. कंपनीच्या पात्या कुठून आणणार? चाचांनी हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे ग्राइंडरवर घासले, बोटानं धार पाहिली, फटींत सरकवले आणि 'बिस्मिल्ला' म्हणून ओढलं. डेक सुळकन बाहेर आला. मागे कपलरच कपलर. एक पॉवरचं, एक स्पीकरचं आणि एक रिकामं. त्या रिकाम्या जागेवर चाचांनी टॉर्च धरला. "ये देखो. चेंजर का घर. किरायेदार आया ही नहीं."

त्या घरात नुसतं गाण्याच्या दोन वायरी घालून भागत नाही. चेंजरनं 'मी हजर आहे, सीडी फिरतेय' असा निरोप सतत धाडला नाही, तर डेक ते दारच उघडत नाही. म्हणून एक काड्यापेटीएवढी डबी मिळते. ती चेंजरच्या नावानं हजेरी लावत बसते आणि तिच्या आडून फोनचं गाणं आत शिरतं. डिक्कीत सीडी नाही, चेंजर नाही, पण डेकवर आकडा उमटतो 'सीडी १'. शाळामास्तर म्हणून मला पटावरची अशी नावं नवी नव्हती.

काम सुरू करण्याआधी चाचांनी शिस्तीत बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवली होती. टाके मारून झाले, बॅटरी जोडली, डेक लावला. आणि त्यावर ठळक अक्षरं आली, 'सेफ'.

बॅटरी तुटली की आपल्याला चोरलंय असं समजून हा डेक कुलूप लावून घेतो. चार आकडी कोड टाकल्याशिवाय बोलत नाही. कोड मला माहीत नव्हता, पण दुकानापुढे जमलेल्यांना माहीत होता. एक म्हणाला, गाडीचा नंबर टाका. दुसरा म्हणाला, कंपनीचा डेक आहे म्हणजे शून्य-शून्य-शून्य-शून्यच. तिसऱ्यानं तर 'सरांच्या लग्नाचं साल' सुचवलं, जणू चेक लोकांनी ते विचारून घेतलं होतं. चाचा नको नको म्हणत असताना पहिले दोन सल्ले अमलात आले. दोनदा चुकल्यावर हा डेक तासभर संप करतो, आणि तो तासही चालू स्थितीत ठेवून मोजावा लागतो. चहा आला. मंडळी पांगली नाहीत. मोसंबीचा भाव, समृद्धी महामार्गावरचं टायर फुटणं, अंबड चौफुलीवरचं ट्रॅफिक, सगळं त्या तासात निकालात निघालं.

मी पहिल्या मालकांच्या दुकानात फोन लावला. मुनीमजी अजून तेच. "डेकचा कोड?" म्हणाले, "थांबा." पलीकडे कपाटाचं दार करकरलं, मग पानं उलटल्याचा आवाज. "हां, लिहा. कपाशीच्या उधारीखाली लिहून ठेवलाय." बियाण्याच्या धंद्यातली माणसं काय जपून ठेवतील सांगता येत नाही. कोड टाकला, कुलूप उघडलं, चाचांनी स्वतःचा फोन जोडला आणि रफी गाऊ लागले. दुकानापुढे टाळ्या पडल्या.

वायर चाचांनी हातब्रेकजवळ बाहेर काढून दिली. टोकाला ती ओळखीची साडेतीन मिलिमीटरची पिन. हिचं मूळ घराणं टेलिफोन एक्स्चेंजमधलं. तिथल्या बायका जाड पितळी पिना भोकांत खुपसून ट्रंक कॉल जोडून द्यायच्या, त्या पिनेचीच ही नात. आजीच्या काळी 'जालना लावा' म्हणून ओरडावं लागायचं. नातीला काही सांगावं लागत नाही, फक्त अंगानं ती नाजूक असल्यानं हातब्रेक ओढताना जपायला लागतं.

पहिली मोठी फेरी राजूरच्या गणपतीची. अंगारकी होती, जालन्याहून लोक रात्रीच पायी निघाले होते. आम्ही गाडीनं निघालो. मागे आत्या, पुढे भाचा आणि त्याचा फोन. आत्यासाठी हरिपाठ लावला. गाडीनं वेग घेतला तसा हरिपाठामागून एक बारीक सूर निघाला. ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढे, सोडला की उतरे.

"मागं सूर कोण धरतंय रे?" आत्यानं विचारलं. "लई गोड धरतोय, पण एका पट्टीत ऱ्हाईना."

तो अल्टरनेटर होता. फोन गाडीच्याच चार्जरवर असला आणि गाणंही गाडीच्याच डेकमध्ये गेलं, की अर्थिंगला दोन वाटा मिळतात आणि अल्टरनेटरची शिट्टी गाण्यात उतरते. मधे एक छोटा ट्रान्सफॉर्मर घातला की जाते. चाचांनी पुढे तो घातलाही. त्या दिवशी मात्र फक्त चार्जर काढला, आणि आत्याला वाटलं, साथीदार दमला.

थोडं पुढे गेल्यावर एका बाईंनी भर हरिपाठात सांगितलं, "दोनशे मीटरवर डावीकडे वळा."

"ही कोण?"

"आत्या, नकाशावाली."

"हिला राजूरचा रस्ता आपल्याला सांगायची काय गरज?"

त्यानंतर भाच्याला कॉलेजातल्या कुणा मैत्रिणीचा फोन आला आणि 'हॅलो, झोपलायस का?' हे चारही स्पीकरमधून, तबल्याच्या थापेइतकंच खणखणीत, आम्हा सगळ्यांच्या बरगडीत लागलं. भाच्यानं वायर अशी उपटली की मला चाचांच्या टाक्यांची काळजी वाटली. उरलेल्या रस्त्यात कुणी काही विचारलं नाही. आत्यानं फक्त राजूरला जास्तीचा एक नारळ घेतला.

दिवाळीला भाचा नवा फोन घेऊन आला. चकचकीत, तीन डोळ्यांचा. गाडीत बसला, सवयीनं वायर उचलली आणि फोनच्या कडांवरून पिन फिरवू लागला. खालून, वरून, डावीकडून. ॲपलनं २०१६ साली फोनचं ते भोक बुजवून टाकलं आणि मग एकेक करत इतर अनेकांनीही बुजवलं. माझ्या फोनलाही नाही, बायकोच्याही नाही. त्यासाठी बोटभर लांबीचा जोड मिळतो. तो आम्ही आणतो आणि हरवतो.

आत्याकडे मात्र बटणांचा फोन आहे. त्याला भोक आहे, आणि आत मेमरी कार्डही आहे. मोबाइलच्या दुकानात पैसे देऊन गाणी भरून मिळायची, त्या दिवसांतलं. त्यात हरिपाठ आहे, प्रल्हाद शिंदे आहेत आणि पोरानं चुकून भरलेली दोन लावणीची गाणीही आहेत. आत्या त्यांना ओलांडून जात नाही. त्या फोनचा रेडिओ तर डेकच्या या वायरीलाच एरियल समजतो, त्यामुळे डेकमध्ये स्वतःचा रेडिओ असताना आम्ही त्या डेकवर आत्याच्या फोनमधली आकाशवाणी ऐकतो, तीही सीडी चेंजरच्या नावानं. आता आत्या मागे बसत नाही. पुढच्या सीटवर बसते, वायर हातात धरून.

परवा मंठ्याला जाताना भाच्यानं मागून गळ घातली, "आत्याआजी, एक तरी गाणं माझं लाव ना."

आत्यानं मान वळवली. "तुझ्या फोनला भोक हाये का?"